सुपडा मिस्त्रींचं भेव

सुपडा मिस्त्री घाबरले की आम्ही पळायचो. काय झालं, कुठे झालं, हे विचारत बसायचं नाही. हातातलं टाकायचं आणि ते बोट दाखवतील तिकडे धूम ठोकायची. साइटवर नवीन आलेला एखादा हिरो हसायचा. म्हणायचा, "हे मिस्त्री हायेत का भित्री भागूबाई?" थोड्या दिवसांनी तोच सगळ्यांच्या पुढे पळताना दिसायचा, आणि मग हसायची पाळी माझी असायची.

मी खामगावची. एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायचे. काम जिथे चालू असेल तिथे एक पत्र्याची खोली उभी करायचे, आत फिल्टर, पट्टे, रबरी पाइप, नटबोल्ट, तेलाचे डबे, आणि त्यांच्या मधोमध टेबल टाकून मी. घरचे म्हणायचे, बाईमाणसानं शाळेत नाहीतर पतपेढीत नोकरी करावी, डोझर-पोकलेनच्या धुरळ्यात काय बसतेस? मी म्हणायचे, इथे कोणी माझ्याशी वाद घालत नाही. ते खोटं होतं. सगळेच घालायचे.

आमच्या ठेकेदाराला नवीन मशीन सोसत नसे. दुसऱ्यांनी वापरून वापरून विकायला काढलेलं घ्यायचं आणि सुपडा मिस्त्रींच्या गळ्यात बांधायचं. आता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगून उपयोग नाही. त्या उन्हात म्हातारं इंजिन चढावर माती ढकलायला लागलं की तापतं. तापलं की पाणी उकळतं, पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ रेडिएटरच्या झाकणाखाली दबा धरून बसते. मिस्त्रींच्या आयुष्यातलं सगळं भेव त्या एका झाकणाखाली होतं.

ते उंच, वाळलेले, शेवग्याच्या शेंगेसारखे. डाव्या कानापासून गळ्यापर्यंत कातडी चुरगळलेली. त्यावर बाराही महिने ओला दुपट्टा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि मग तिच्याकडून परत मागून घेतलं, म्हणून नाव सुपडा. "माही माय मले पाहूपाहू भेत होती," ते सांगायचे. "भेव मी दुधातूनच पिलो, ताई."

त्यांच्या घाबरण्याची एक पद्धत होती. आधी तोंडातली सुपारी चघळायची थांबायची. मग आवाज खाली यायचा, इतका खाली की आपणच वाकून ऐकायचं. आणि मग ते मशीनपासून लांब, वाऱ्याच्या दिशेनं, उकिडवे बसायचे. ऑपरेटरला जवळ बोलवायचे आणि विचारायचे. कधीपासून तापते? चढावर की सपाटीवर? सकाळी की दुपारी? धूर कसा? पाणी किती पिते? काल काय बदललं? अर्धा-अर्धा तास हेच. पाना हातात नाही. ठेकेदार चिडायचा, "अहो, उघडून तरी पाहा!" मिस्त्री म्हणायचे, "पयले बाहेरून पाह्यतो, मंग आत. आत जाऊन जो पाह्यते तो बाहेर येतेच असं नाही, शेठ."

हे ते उगाच म्हणत नसत. पोरवयात ते खामगावला एका उस्तादांकडे काम शिकत होते. उस्ताद जिल्ह्यात नावाजलेले. रोडरोलर तापला म्हणून आला होता. उस्तादांनी बोटांनी झाकण चाचपलं, म्हणाले, "थंडा है," आणि फिरवलं. सुपडा त्यांच्या पाठीशी कंदील धरल्यासारखा उभा. त्याच्या वाट्याला मान आली. उस्तादांच्या वाट्याला तोंड आलं. पुढे उस्तादांना दिसलं नाही. "मानूस असा वरडू शकते हे मले ठाऊक नोतं," एवढंच मिस्त्री सांगायचे. मला ते एवढंही सांगायला नको होतं. अजून घरी कुकरची शिटी झाली की मी मागे सरते, आणि माझी सून गालातल्या गालात हसते. हसू दे.

म्हणून त्यांचे नियम. गरमीचा काटा लालात गेला की मशीन एकदम बंद करायचं नाही, हळू चालू ठेवायचं. झाकणाला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. जेवून या, झोपून या, लग्न लावून या, पण झाकण उघडायचं नाही. आणि माणसांनी दूर, वाऱ्याकडे.

एकदा खामगावात एका जिनिंगच्या मागच्या पडीक जागेत आमचा डोझर भराव टाकत होता. रोज दुपारी तापायचा. हा म्हणे पंप गेला, तो म्हणे पंख्याचा पट्टा ढिला. मिस्त्री आले, लांब बसले, वाऱ्याकडे तोंड करून हुंगलं, आणि त्यांची सुपारी थांबली. "सगळे मांगं व्हा." जिनिंगमधून उडालेली रुई रेडिएटरच्या जाळीत अशी गच्च बसली होती, की हवेला शिरायला जागा नव्हती. बाहेरून धूळ बसलेली, म्हणून दिसत नव्हती. मशीन पार गार झाल्यावर त्यांनी खराट्याच्या काडीनं एक एक फट कोरून काढली. टोपलंभर रुई निघाली, कडेची तर करपून तांबूस झालेली. पोरं टाळ्या पिटायला लागली. मिस्त्री पांढरे पडले होते. मला म्हणाले, "ताई, हा कापूस पेटला असता तं? बाजूले गंज्या हायेत सरकीच्या. गाव जळालं असतं." काम फत्ते झाल्यावरही माणूस घाबरू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

दुसरी त्यांची वैरीण म्हणजे हळद. रेडिएटरला बारीक भोक पडलं, पाणी ठिबकायला लागलं, की आमच्याकडचे ड्रायव्हर किराणा दुकानातून मूठभर हळद आणून आत टाकतात. हळद फुगते, भोक बुजतं, ठिबकणं थांबतं. ड्रायव्हर मिशीवर ताव देतो. पण हळद काही भोक ओळखून बसत नाही. आतल्या बारीक नळ्यांमध्येही ती बसते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मशीन तापायला लागतं. मिस्त्रींना वासावरून कळायचं. एका टिप्परवाल्याला त्यांनी साऱ्या साइटसमोर धुतला होता, "हयद भाजीत टाकतेत नाहीतर नवरदेवाले लावतेत! इच्यात काऊन टाकली बे? मरतं का? दुसऱ्याले मारतं का?"

आणि नवरदेवावरूनच पुढचं सगळं झालं.

डोझरवर विलास नावाचा ऑपरेटर होता. देऊळघाटचा, शेतकऱ्याचा मुलगा, हात असा की डोझरच्या पात्यानं शेणानं सारवल्यासारखी माती सपाट करायचा. मिस्त्रींचा लाडका. लाडका म्हणजे रोज शिव्या खाणारा. "इल्या, इकडं ये बे. इल्या, पट्टा कोन पाह्यन, तुहा बाप?" असं चालायचं. मिस्त्रींना एकुलती एक मुलगी, मंदा. त्यांनी विलासला ती दिली. मला वाटतं, मुलगी डोळ्यांपुढे राहावी आणि जावईही डोळ्यांपुढे राहावा, असा त्यांचा हिशेब असणार.

लग्न झालं आणि इल्याचे एका दिवसात जवाईबुवा झाले. आता जावयाचा मान आमच्याकडे काय असतो ते सांगायला नको. सासऱ्यानं जावयापुढे बाजेवर बसायचं नाही, त्याला अरे म्हणायचं नाही, त्याचं काही चुकलं तरी ते आपलंच चुकलं असं समजायचं. घरी हे ठीक. साइटवर मिस्त्रींनी ऑपरेटरला अहो-जाहो करायचं म्हणजे काय तमाशा! विलास चहाला आला की मिस्त्री पिंपावरून उठून उभे राहायचे. बाकीचे ऑपरेटर मुद्दाम ओरडायचे, "मिस्त्री, जवाई आले, पाय धुवाले पानी आना!" मिस्त्री हसायचे. विलासही आधी लाजायचा. मग त्याला ते आवडायला लागलं.

कामाचं सांगायचं तर असायचंच. मशीन तेच, ऊन तेच. मग मिस्त्री माझ्याकडे यायचे. "ताई, तुमी जवाईबुवाले सांगता का, का पट्टा जरा पाहून घ्या म्हना."

"तुम्हीच सांगा की. जीभ आहे ना?"

"माह्यानं नाही सांगनं होत."

मग मी जायचे. विलास म्हणायचा, "मॅडम, तुमाले पट्ट्यातलं काय समजते?" बरोबरच होतं त्याचं. मला काही समजत नव्हतं. मी नुसती टपालवाली.

त्या वर्षी आम्ही अमडापूरजवळ एका पाझर तलावाची पाळ दुरुस्त करत होतो. डोझरचा रेडिएटर ठिबकायला लागला होता, आणि एक दिवस ठिबकायचा थांबला. मिस्त्री जवळून जाता जाता उभे राहिले. नाक वर केलं. मी स्टोअरच्या दारातून पाहत होते. सुपारी थांबली. आता टिप्परवाल्यासारखी याचीही आरती होणार म्हणून मी बाहेरच आले. मिस्त्री विलासपाशी गेले, दुपट्टा सारखा केला आणि म्हणाले, "जवाईबुवा, जरा पानी बदलून घेऊ का?"

बस्स. एवढंच.

त्यांनी पाणी बदललं, आतून पाइपनं धुतलं. पण नळ्यांत बसलेली हळद अशी धुऊन जात नाही, रेडिएटर उतरवून नळ्या मोकळ्या कराव्या लागतात. उतरवायचा तर ठेकेदाराला कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे जावयाचं नाव. मिस्त्रींनी ते पुढे ढकललं. उद्या पाहू, पाळ झाल्यावर पाहू. पण झोप उडाली होती त्यांची. रोज सकाळी यायचे आणि डोझर सुरू व्हायच्या आधी त्याच्याभोवती चकरा मारायचे. मला म्हणायचे, "मले लय भेव लागून राह्यलं, ताई." मी म्हणायचे, "मग बोला!" ते मान हलवायचे. त्यांना पाहून मलाही धडकी भरायला लागली. डोझरचा आवाज जरा बदलला की मी टेबल सोडून दारात यायचे.

आणि ते झालंच. भर दुपार. डोझर पाळीच्या चढावर माती ढकलत होता. काटा लालात गेला म्हणून विलासनं तो सपाटीवर आणला, नियमाप्रमाणे हळू चालू ठेवला आणि खाली उतरून उभा राहिला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. मिस्त्री पाळीच्या दुसऱ्या टोकाला पोकलेनपाशी होते. मी त्यांना एक पाना द्यायला गेले होते. थोड्या वेळानं विलासनं वर चढून काटा पाहिला आणि हात हलवून ओरडला, "मॅडम, पानी पाठवा! काटा खाली आला!"

मी मिस्त्रींना म्हटलं, "चला, सुटलो. काटा खाली आला म्हणतो."

मिस्त्रींनी पाना घेतलाच नाही. "एवढ्यात? एकदम?" ते पुटपुटले. "ताई, काट्याचं टोक पान्यात बुडलेलं असते. पानीच नाही राह्यलं तं तो कायची गरमी दाखवीन?" आणि ते धावत सुटले.

मशीन थंड झालं नव्हतं. आतलं पाणी उकळून खाली गेलं होतं, वर कोंडलेली वाफ राहिली होती, आणि काटा कोरडा पडला होता. घड्याळ बंद पडलं म्हणजे वेळ थांबली, तसं ते होतं. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी नुसती त्यांच्या मागे धावत होते आणि चपला माती धरत होत्या.

विलास फडकं घेऊन वर चढला. वाकला. मिस्त्री धावता धावता हाक मारत होते, "जवाईबुवा, थांबा... अहो जवाईबुवा, थांबा जरा..." डोझर चालू होता. त्या घरघरीत असली आदबशीर हाक कुठली पोचते? विलासनं फडकं झाकणावर ठेवलं.

आणि मिस्त्री किंचाळले. "इल्या! हात काढ बे! हरामखोरा, उतर! मरतं का बे!"

पाळीवरची सगळी कामं थांबली. विलास थबकला, मागे वळून पाहायला लागला, एक हात तसाच झाकणावर, आणि झाकण थोडं फिरलेलं. मिस्त्रींनी खालून त्याचा पाय धरला आणि पोतं ओढावं तसा ओढला. दोघं मातीत पडले आणि वर झाकण उडालं. पांढरा खांब उभा राहिला. त्याचा आवाज मला सांगता येणार नाही, सांगायचाही नाही. उकळतं पाणी, पिवळं पाणी, विलासची छाती जिथे होती तिथून पडत राहिलं. मी जागच्या जागी खाली बसले.

विलासचं कोपर खरचटलं होतं, दुसरं काही नाही. मिस्त्रींनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, डोळे पाहिले. नीट आहेत म्हटल्यावर त्यांनी खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. मजूर बायका, ऑपरेटर, गावातले दोघं-चौघं, साऱ्यांच्या समोर.

विलास उठला, कपडे झटकले, डबा घेतला आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गार इंजिनात पाणी भरलं, झाकण न लावता ते सुरू केलं आणि मला दाखवलं. पाण्यातून बुडबुडे येत होते. हेडचं गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, फुटलं होतं, इंजिनातला जाळ पाण्यात शिरत होता. मग रेडिएटर उतरवला. नळ्यांमधून पिवळा चिखल निघाला. मिस्त्रींनी तो बोटावर घेऊन हुंगला. "वास आला त्याच दिवशी दोन शब्द बोललो असतो तं पोराले मारा नसतं लागलं," ते म्हणाले.

विलासनं काम सोडलं, दुसरीकडे धरलं. मंदाला माहेरी पाठवणं बंद. अखाडीचा सण गेला, दिवाळी गेली. मंदाला दिवस गेले, पहिलं बाळंतपण, तेही सासरीच झालं. मुलगी झाली. आजीनं शिवलेल्या झबल्यांचं गाठोडं तसंच खुंटीला. देऊळघाटहून निरोप होता, सासऱ्यानं चारचौघांत हात उचलला तर चारचौघांत माफी मागावी, मग येणं-जाणं सुरू. मिस्त्रींच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मला राहवलं नाही. "अहो भाऊ, मागून टाका की माफी! तोंड झिजतं का? एवढी गोड नात झाली, तिचं तोंड पाहावंसं वाटत नाही?"

"वाटते ना, ताई. रोज वाटते." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पन मी माफी मांगितली म्हनजे मी चुकलो. मी चुकलो म्हनजे तो बराबर होता. मंग पुढच्या टायमाले तो झाकन उघडीन. अन् तिथं मी नसीन."

मला वाटलं, आता हे असंच राहणार.

पुढे मिस्त्रींनी काम कमी केलं, आणि मीही नोकरी सोडली. सांगायचं राहिलं ते त्याच्या आधीचं. आम्ही दोघं ठेकेदाराच्या जीपमधून सामान घेऊन अमडापूरकडे निघालो होतो. वाटेत दुसऱ्या ठेकेदाराचं रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, गाड्या थांबवल्या होत्या. पुढे एक जुना डोझर उभा होता आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मिस्त्री सवयीनं म्हणाले, "तापला." मग त्यांची सुपारी थांबली. डोझरवरून विलास उतरत होता.

आम्ही जीपमधून खाली उतरलो. विलास मशीनच्या पुढे गेला. एका पोराच्या हातात पाण्याची कॅन होती, मुकादम घाई करत होता, रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. विलासनं पायरीवर पाय ठेवला. वर चढला. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं.

"ओरडा ना!" मी म्हटलं. "भाऊ, ओरडा!"

त्यांचं तोंड उघडं होतं. आवाज निघत नव्हता. माझी हाक हॉर्नमध्ये बुडाली. विलासनं हात पुढे केला, झाकणाच्या अगदी वर नेला, आणि तिथेच धरून ठेवला. मुकादम खालून काहीतरी म्हणाला. विलास तसाच. माझ्या मनात मंदाचं तोंड, त्या न पाहिलेल्या बाळाचं तोंड, सगळं एकदम आलं. देवा गजानना, नको.

त्यानं हात मागे घेतला. खाली उतरला. मुकादमाला काहीतरी जोरात बोलला, मुकादमानं हात झटकले. विलासनं कॅनवाल्या पोराच्या दंडाला धरून त्याला मागे ढकललं, बायकांना मागे सारलं, सगळ्यांना वाऱ्याच्या बाजूला नेलं आणि स्वतः रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगावर बसला. बसूनच राहिला. गाड्या वाजत होत्या तर वाजू दे.

मिस्त्रींनी माझं मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आता मांगतो माफी," ते म्हणाले.

आणि तिथूनच दोन्ही हात जोडून, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांच्या मधून, ते विलासकडे चालायला लागले.